मधले भाग कुणी खाल्ले?

एखादी मालिका संपत आली की समीक्षक नावाची जमात खुर्चीत सरसावून बसते. शेवटच्या भागांत अमक्या पात्राची वाढ पटली का, तमक्याचं मनपरिवर्तन एकदम झालं का, नायकाला न्याय मिळाला का. पांढरपेशा घरातला हा आवडता खेळ. खेळायला आपलीही हरकत नाही. पण दोस्तांनो, ह्या खेळात उतरताना एक प्रश्न खिशात असू द्या. शेवटी माणूस वाढलेला दाखवला, तर तो वाढला कधी? त्याला वाढायला किती भाग दिले? आणि ज्याला दिलेच नाहीत, त्याच्या वाटचे मधले भाग कुणी खाल्ले?

हा प्रश्न मुद्दाम विज्ञानकथेच्या मालिकांना विचारायचा. कारण पौराणिक-ऐतिहासिक मालिकावाला लगेच हात वर करतो. म्हणतो, त्या काळी तसंच होतं, आम्ही काय करणार. भविष्य लिहिणाऱ्याला ही पळवाट नाही. आकाश त्याचं, ग्रह त्याचे, शतकही त्याच्याच पसंतीचं. एवढी मोकळी जमीन मिळूनही त्यात आमचा माणूस भांडीच घासत असेल, तर तो उकिरडा शतकाचा नाही, लिहिणाऱ्याच्या डोक्यातला आहे.

आधी जमिनीवरची गोष्ट घेऊ. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचं गाव आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ह्या गावाचं नाव एकदम देशभर छापून आलं. गावातल्या २४ वर्षांच्या एका मुसलमान पोरानं हेलिकॉप्टर बनवलं होतं. आठवीतून शाळा सुटलेली. भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात कपाटं, कूलर करायचा. मोबाईलवर व्हिडिओ बघून, पत्रे कापून, पाइप जोडून, मारुती ८०० चं इंजिन बसवून त्यानं यंत्र उभं केलं. १५ ऑगस्टला लोकांसमोर आणायचं होतं. त्याच्या काही दिवस आधी, रात्रीच्या चाचणीत, पातं तुटलं आणि त्यालाच लागलं. पोरगा गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांनी त्याला ‘रँचो’ करून टाकलं. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’ मधला रँचो. बातमीला मथळा मिळाला, वाचणाऱ्याला हळहळ मिळाली, दोन दिवसांत पान उलटलं. पण तो सिनेमा नीट आठवा. त्यातला रँचो हा मुळात रँचो नाहीच. तो बंगल्यावरच्या माळ्याचा पोरका पोर. मालकाच्या पोराच्या नावानं कॉलेजात बसतो, मालकाच्या पोराच्या नावानं डिग्री मिळवून देतो, आणि शेवटच्या अर्ध्या तासात कळतं की हाच तो चारशे पेटंटवाला थोर वैज्ञानिक. टाळ्या. पण डिग्री मालकाच्या भिंतीवर लटकलेली असताना हा माळ्याचा पोर वैज्ञानिक झाला कसा? कोणत्या कागदावर? कुणाच्या शिफारशीवर? ती मधली वर्षं सिनेमानं गिळून टाकली. पडद्यावर चालून जातं. फुलसावंगीत चालत नाही. तिथं आठवी आणि हेलिकॉप्टर ह्यांच्यामध्ये आयटीआय लागतं, इंजिनचा हादरा मोजणारं यंत्र लागतं, ‘बाबा, पातं आधी माणूस न बसवता फिरवून बघ’ असं सांगणारा एक जाणता इंजिनीअर लागतो, आणि पहिल्या फसलेल्या यंत्रानंतर दुसरं करायला उसंत लागते. ह्यातलं काहीच नव्हतं. त्या पोराला पहिला भाग मिळाला आणि थेट शेवटचा.

आता वर आकाशात चला. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ नावाचं जुनं मालिकांचं घराणं आहे. त्यातली ‘डीप स्पेस नाईन’ ही मालिका १९९३ ते १९९९ अशी सात पर्वं चालली. अवकाशातल्या एका स्टेशनवर घडते. शेवटचे नऊ-दहा भाग ही सलग एकच कथा आहे, आणि पात्रांची वाढ कशी असते ते बघायचं तर हे भाग बघावेत. पण मागून सुरुवात करू नका. पहिल्या पर्वापासून एक पोरगा आहे, त्याच्यावर नजर ठेवा.

त्याचं नाव नॉग. जमात फेरेंगी. फेरेंगींचा जन्मजात धंदा एकच, नफा. पोरगा स्टेशनवरच्या दारूच्या गुत्त्यात काकाच्या हाताखाली. पहिल्या पर्वात त्याला वाचता येत नाही. कमांडरचा पोरगा जेक त्याचा दोस्त, तो चोरून त्याला वाचायला शिकवतो. तिसऱ्या पर्वात हा नॉग कमांडरपुढं उभा राहतो आणि म्हणतो, मला स्टारफ्लीटमध्ये जायचंय, शिफारस द्या. त्याच्या जमातीतला एकही माणूस त्याआधी तिथं गेलेला नाही. कमांडर हसत नाही आणि गहिवरतही नाही. तो त्याला गोदामातल्या मालाची मोजदाद करायला लावतो आणि काम बघतो. काम चोख. मग विचारतो, हे सगळं कशासाठी? नॉग जे सांगतो ते ऐकून आपल्यापैकी कुणाच्याही पोटात कालवेल. तो म्हणतो, माझा बाप हातानं यंत्र जिवंत करतो, संधी मिळती तर मोठ्या जहाजाचा मुख्य इंजिनीअर झाला असता. पण तो जमातीच्या रिवाजाप्रमाणं धंद्यात पडला, आणि धंदा त्याला कधी जमला नाही. मला बापासारखं संपायचं नाही.

फुलसावंगीच्या वेल्डिंगच्या दुकानात हे वाक्य कुणी उच्चारलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक वस्तीत ते जेवताना, भांडताना, दारू पिताना बोललं जातं. आपल्याकडं ते ऐकून शिफारसपत्र लिहिणारा कमांडर नसतो. मार्क किती, दाखला कुठाय, आणि खालच्या आवाजात, आडनाव काय, असं विचारणारा क्लार्क असतो.

नॉगला पुढची चार पर्वं मिळतात. अकादमीत जातो. लढाईवर जातो. सातव्या पर्वात त्याचा पाय तुटतो. नकली पाय बसतो, पण पोरगा आतून मोडलेला. एक अख्खा भाग मालिका त्याच्या भीतीला देते. नायकाच्या भीतीला भाग मिळतात, ते नेहमीचंच. इथं गुत्त्यातल्या पोऱ्याला मिळतो. त्याला रडायला, चिडायला, लपून बसायला मुभा असते. म्हणून शेवटच्या भागात त्याच्या बढतीची गोष्ट येते तेव्हा ती बक्षिसासारखी वाटत नाही. हिशोब चुकता झाल्यासारखी वाटते.

त्याचा बाप रॉम. त्याच गुत्त्यात भावाच्या हाताखाली राबणारा, बावळट म्हणून हिणवलेला. चौथ्या पर्वात हा बावळट नोकरांची युनियन काढतो, संप करतो आणि भावाच्या तोंडावर कम्युनिस्ट जाहीरनाम्यातलं वाक्य फेकतो. अमेरिकन टीव्हीवर, १९९६ साली! आणि संपायच्या एकच भाग आधी हाच रॉम आपल्या सगळ्या जमातीचा प्रमुख होतो. एकदम झालं का? नाही. युनियनचा दिवस आपण बघितलेला आहे.

तिसरा माणूस डमार. तो आपल्यातला नाही, समोरच्या बाजूचा आहे. कार्डेशियन नावाची जमात, बजोर नावाचा ग्रह तिनं पन्नासेक वर्षं टाचेखाली ठेवलेला. डमार ह्या मालक जमातीचा अधिकारी. आधी नुसता कुणाच्या तरी मागं उभा असलेला. पुढं परक्या सत्तेच्या हातातलं बाहुलं, रोज दारू, रोज लाचारी. शेवटच्या भागांत तो परक्यांविरुद्ध बंड करतो. त्याला लपून लढायची विद्या शिकवायला पाठवतात कुणाला? किराला. म्हणजे त्याच्याच लोकांविरुद्ध पोरवयापासून बंदूक घेऊन लढलेल्या बजोरच्या बाईला. तिनं हयातभर ज्यांच्याशी झुंज दिली, त्यांनाच आता झुंज शिकवायची.

मग एके दिवशी डमारला कळतं, परक्या सत्तेनं त्याची बायको-पोरगा मारले. तो हादरतो. निष्पाप बायापोरांना मारायचा हुकूम देणारी माणसं असतात तरी कसली, असं तो बोलून जातो. किरा त्याचाच प्रश्न त्याच्याकडं परत फेकते. कसली असतात रे, डमार? खोलीत सन्नाटा. त्यानं आणि त्याच्या लोकांनी हेच हुकूम अर्धं शतक दिलेले. पुढं त्याचा जुना साथीदार किराच्या जिवावर उठतो, तेव्हा डमार साथीदाराला गोळी घालतो. आपल्या डोक्यातलं जुनं साम्राज्य मेलं, ते परत यायचं नाही, एवढं त्याला पटलेलं असतं.

पुरोगामी सवर्ण मित्रांना हा डमार आवर्जून दाखवा. माणूस बदलतो, आपण ते नाकारत नाही. पण तो कधी बदलला ते मांडून ठेवू. स्वतःचं घर पेटलं तेव्हा. आणि त्याच्या बदलण्याचा खर्च कुणी उचलला तेही मांडू. किरानं. त्याला आरसा दाखवायची मेहनत तिची, ते बोलून गेल्याचा सलही तिलाच. आपल्या बायका-पोरांनी गेली कित्येक वर्षं हीच बिनपगारी मास्तरकी केली आहे. मालिकेनं ही मास्तरकी निदान दाखवली तरी. बहुतेक ठिकाणी डमारचं मनपरिवर्तन दिसतं आणि किरा पडद्याबाहेर असते.

आता मालिकेचा नायक. बेंजामिन सिस्को, काळा माणूस. काम एव्हरी ब्रुक्स ह्या काळ्या नटाचं. ह्या घराण्यातला मुख्य जागेवरचा पहिला काळा. त्याच्या आधीचे आणि नंतरचे गोरे नायक पहिल्याच भागात कॅप्टन होते. सिस्कोला कॅप्टन व्हायला तिसऱ्या पर्वाचा शेवट उजाडला. बढतीची फाईल कशी सरकते ते आपल्या सरकारी नोकरीतल्या मंडळींना सांगायला नको.

१९९८ मध्ये ह्या मालिकेचा एक भाग आला, ब्रुक्सनंच दिग्दर्शित केलेला. सिस्कोला आपण बेनी रसेल आहोत असं दिसू लागतं. १९५३ चं न्यूयॉर्क, बेनी एका विज्ञानकथेच्या मासिकात लेखक. वाचकांना लेखकांचा फोटो हवाय, म्हणून काढायचा ठरतो, आणि काळ्या बेनीला व लेखक बाईला सुचवलं जातं की त्या दिवशी उशिरा या. बेनी एक गोष्ट लिहितो, अवकाश स्टेशनचा कॅप्टन काळा माणूस आहे. मग तोडगा निघतो, हे सगळं स्वप्न होतं असं शेवटी टाकलं तर संपादक छापायला तयार. तेही तो करतो. तरी मालक तो सगळा अंक लगद्यात घालतो आणि बेनीला कामावरून काढतो. भविष्यात आपला माणूस असण्याची नुसती कल्पनाही त्यांना परवडत नाही. लिटल मॅगझिन काढणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आपला जन्मच त्या लगद्यातला.

आणि आता मालिकेचा शेवटचा भाग, २ जून १९९९. सिस्को देवासारख्या शक्तींकडं निघून जातो. बायको कॅसिडी गरोदर आहे. आधी जे चित्रित झालं त्यात तो तिचा निरोप घेऊन जातो, परतीचं वचन नाही. चित्रीकरण झालं. नंतर ब्रुक्सनं निर्माते आयरा बेहर ह्यांना फोन केला. मुद्दा साधा होता. काळा बाप गरोदर बायकोला टाकून जातो आणि ती एकटी पोर वाढवते, हे चित्र अमेरिकेनं काळ्यांच्या कपाळावर आधीच डागलेलं आहे. सात वर्षं ह्या बापानं आपल्या पोराला छातीशी धरून वाढवलं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तुम्ही त्याला पळपुटा करताय? बेहर ह्यांना पटलं. प्रसंग पुन्हा चित्रित झाला. आता सिस्को सांगतो, मी परत येईन.

तीन-चार शब्दांचा फरक. पण त्या शब्दांत पात्राची अख्खी वाढ तोलली गेली. लेखक वाईट नव्हते, वैरी तर नव्हतेच. त्यांना ते दिसलं नाही, कारण ते त्यांच्या कातडीवर लिहिलेलं नव्हतं. ज्याच्या कातडीवर लिहिलेलं होतं तो माणूस फोन करू शकेल एवढ्या जागेवर होता, म्हणून शेवट बदलला. ह्याच घराण्यातली पहिली काळी नटी निशेल निकल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडणार होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंगनी तिला सोडू नकोस म्हणून सांगितलं. ती टिकली. ती जागा राहिली. तीसेक वर्षांनी ब्रुक्सचा फोन लागतो तो अशा राखलेल्या जागांमुळं.

आता आपल्या देशात या. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘लैला’ आली. सहा भाग. प्रयाग अकबर ह्यांच्या २०१७ च्या इंग्रजी कादंबरीवरून. आर्यावर्त नावाचं उद्याचं राज्य, जमातीजमातींच्या वेगळ्या वस्त्या, मधे उंच भिंती, पाणी मूठभरांच्या ताब्यात, भिंतीबाहेर ‘दूष’ म्हणून हाकललेली माणसं. आपल्याला काय नवीन? गावकुसाला सिमेंट लावलं की झालं आर्यावर्त. तरी अशी मालिका निघाली हे मोठंच. धाडस होतं, मान्य.

नायिका शालिनी. वरच्या थरातली, मुसलमान नवरा, पोहण्याचा तलाव असलेलं घर. नवऱ्याला मारतात, पोर लैलाला हिसकावून नेतात. शालिनीला श्रमकेंद्रात टाकतात. पोरीच्या शोधात ती लाचार होते, खोटं बोलते, दुसऱ्याच्या घरात मोलकरीण होते. समीक्षक म्हणतात, काय पात्राची वाढ! आणि हा शोध कादंबरीत आणि मालिकेत दोन्हीकडं येऊन थांबतो तो सपनापाशी. सपना म्हणजे शालिनीच्याच घरची जुनी कामवाली.

इथं थांबा मित्रांनो. शालिनी मोलकरीण झाली तर ती शोकांतिका. सपना मोलकरीण होती तेव्हा ती नुसती घरातली सोय. ह्या बाईनं भिंती कशा ओलांडल्या? कामवालीची कुणीतरी झाली ती कशी? काय विकलं, काय गिळलं, कुणाला सलाम ठोकले? दुसऱ्याच्या पोरीला पोटाशी घेताना तिच्या मनात सूड होता, माया होती, की दोन्ही? ह्या कथेतला सगळ्यात लांबचा प्रवास तिचा आहे. शालिनी वरून खाली आली, ते ढकलून करता येतं. सपना खालून वर गेली, त्याला चढावं लागतं. पण कॅमेरा तिच्याबरोबर चढला नाही. शेवटी ती नायिकेच्या वाटेत येते, उत्तर म्हणून, धक्का म्हणून. माणूस म्हणून यायला तिला मधले भाग हवे होते. पुढचं पर्व निघालंच नाही, त्यामुळं तो हिशोबही राहिला. भिंतीविरुद्ध काढलेल्या मालिकेतसुद्धा सपना भिंतीपलीकडंच राहिली.

मराठीतही एकदा नजर टाकू. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती नारायण विनायक जगताप ह्या नावानं. आपलं मोठं नाव निकालाच्या आड येऊ नये म्हणून. बक्षीस मिळालं. त्यांचा प्रामाणिकपणा मोठा, त्याला सलाम. पण पुण्यात खोली शोधताना आपली पोरं आडनाव लपवतात, त्या लपवण्याची गोष्ट ह्या विज्ञानकथेत मला भेटलेली नाही. नाव झाकूनही ज्याला आत घेतात आणि नाव झाकल्याशिवाय ज्याला आत घेतच नाहीत, ही दोन वेगळी विश्वं आहेत. दुसऱ्या विश्वाची विज्ञानकथा लिहायची राहिली आहे. मराठी विज्ञानकथांचे संग्रह उघडा आणि मोजा. प्रयोगशाळेतल्या प्राध्यापकाला नाव किती वेळा आहे, आणि ती प्रयोगशाळा झाडणाऱ्याला किती वेळा.

कुणी म्हणेल, वस्तीला पाणी नाही आणि तुम्ही अवकाशयानावर पानं कसली खरडताय? त्याला सांगा, हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला नावाचा आंबेडकरी विद्यार्थी होता. शिष्यवृत्ती अडकलेली, वसतिगृहातून काढलेला, जानेवारीच्या थंडीत तंबूत झोपणारा. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला, तेव्हा मागं ठेवलेल्या पत्रात त्यानं काय लिहिलं होतं? आपल्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. तारे ही पोट भरलेल्यांची चैन आहे असं सांगणारा माणूस, झोपडीत राहणाऱ्यानं वर बघू नये असंच सांगत असतो. पाणीही मागू आणि तारेही मागू. एकासाठी दुसरं सोडायला कुणी सांगितलं?

चळवळीतल्या लिहिणाऱ्यांनाही दोन शब्द. आपल्या कथा-कवितांतला माणूस पहिल्या पानावर जळतो आणि शेवटच्या पानावर हुतात्मा होतो. आपण त्याला अभिवादन करतो आणि दुसरा अंक काढतो. हुतात्म्याला मान द्यायलाच हवा. पण हुतात्मा वाढत नाही. वाढणारा माणूस चुकतो, घाबरतो, बायकोवर ओरडतो, लाजतो, परीक्षेत नापास होऊन पुन्हा बसतो. असा आपला माणूस सात पर्वं जगवायची हिंमत लेखणीत आणा. फुलसावंगीच्या पोरावर लिहायचं तर तो मेला तिथून सुरू करू नका. त्याचं पहिलं यंत्र फसलं, पण जीव वाचला, असं लिहा. मग दुसऱ्या भागात त्याला काय लागेल ते लिहा. कोण इंजिनीअर गावात येईल, कोण येणार नाही, दुकानात भाऊ काय बोलेल, आठवी शिकलेल्याला कुठल्या दारातून आत घेतील आणि त्या दाराशी कोण उभा असेल. हे लिहाल ती विज्ञानकथा. आणि हेच सरकारकडं मागाल तो मोर्चा.

तोवर मालिका बघत राहा, पण ग्राहकासारख्या नको, तपासनिसासारख्या बघा. शेवटच्या भागात कोण मोठा झाला ते समीक्षक सांगतीलच. तुम्ही मागं जा आणि मोजा, सपनाला किती मिनिटं मिळाली, किराचा खर्च कुणी मांडला, नॉगच्या अर्जावर सही कुणी केली. जिथं हिशोब लागत नाही तिथं बोट ठेवा. आणि ज्या खोलीत शेवट लिहिले जातात तिथं आपला एक तरी माणूस शिरेल अशी तजवीज करा. तो चहा घेऊन नाही शिरायचा. त्याच्या हातात पेन असेल, आणि चुकीचं वाक्य दिसलं की फोन फिरवायची त्याची तयारी असेल.